संशोधन

टेकडीवरच्या कलेक्टर कचेरीत
बारा मिनिटं दिली होती मला.
त्यातली चार प्रोजेक्टरने खाल्ली.

बाहेर सत्तेचाळीस. मेच्या आंधीने
अख्खा किल्ला पुसून टाकला होता,
खिडकीत नुसता पिवळट, गाळलेला उजेड.
भदौरिया साहेब म्हणाले, "हेच ना ते?
वर असलीच धूळ पसरायची
अन् खाली गारवा?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
साधारण असंच, पण फार उंच,
विमानं जातात त्याच्याही वर,
आणि धूळ नव्हे, गंधकाचे बारीक कण,
आणि गारवा सगळ्यांच्या वाट्याला सारखा नव्हे.

ते भोपाळहून पहाटेच्या गाडीने आलेले.
डोळे लाल. समोर फाईल, हिरवा कागद कोरा.
"डॉक्टर पागनीस, मला इथे एक ओळ लिहायचीय.
तुमचे एकतीस आलेख तिच्यात मावत नाहीत."

तेव्हा हिंदीत बोलता बोलता
माझ्या तोंडून घरचा शब्द निसटला:
अभी बहुत संशोधन चाहिए.

त्यांनी लगेच पेन उचललं.
"किस नियम में?"

तीन पिढ्या लष्कर भागात काढून
हे मला कळायला हवं होतं.
जीवाजीगंजातल्या आमच्या घरात संशोधन म्हणजे
रात्रभर गुरगुरणारा संगणक,
चुकलेले आकडे, मग दुसरे चुकलेले आकडे.
उंबऱ्याबाहेर तोच शब्द
कायद्यातली दुरुस्ती होतो, राजपत्रात छापून येतो.
(शाळेत गुरुजी म्हणायचे, शिक्षा ही जीवन है,
आणि मागच्या बाकावर आम्ही चार मराठी पोरी
तोंडात ओढणी कोंबून.)

चूक सुधारणार होते, शोध म्हणणार होते.
जीभ अडली.
खरंच की, किस नियम में?
साऱ्यांच्या आभाळावर सावली धरायची
तर सही कुणाची?

म्हटलं, साहेब, आजोबांच्या दवाखान्यात
वाळ्याचे पडदे होते.
दुपारभर बाबूखाँ त्यांवर पाणी मारायचा.
तो जेवायला गेला की दहा मिनिटांत लू आत,
साठवून ठेवल्यासारखी.
हेही तसंच आहे. खालचा धूर चालूच ठेवला
तर हा पडदा सुकू देता येत नाही,
पन्नास वर्षं, कदाचित शंभर.
बादली कुणाच्या हातात, ते आधी ठरवा.

"दो साल में तो मेरा तबादला हो जाता है,"
ते म्हणाले. हसले नाहीत.

"आणि पाऊस? हलेल?"
काही आलेख म्हणतात हलेल.
मी स्वतः हलवून पाहिलाय त्याला, कागदावर;
दुसऱ्या खेपेला तोच मुकाट जागेवर.

"आप सलाह क्या देती हैं?"

दिल्लीतल्या सभेत याच प्रश्नावर
आमच्यातला एकजण टेबलावर मूठ आपटून नको म्हणाला होता,
दुसरी पाण्याचा ग्लास बघत, हो, अजून काय उरलंय.
मला दोघांचंही पटलं होतं, हीच पंचाईत.
म्हणाले, मला कुणी निवडून दिलेलं नाही.
कळलंय तेवढं सांगते,
आणि जिथे कळलेलं नाही
तिथे बोट ठेवते. ते बोट तरी फाईलमध्ये राहू द्या.
पंख्याखाली कागद फडफडत राहिला.
मग त्यांनी हळूहळू लिहिलं,
कागद माझ्याकडे वळवला:
शोध भी, संशोधन भी.
खाली, आणखी बारीक अक्षरात:
तब तक कोई प्रयोग नहीं.

मी 'तब तक' वर थांबले.
खोडा म्हणावं का? म्हटलं नाही.
अजून त्यावर झोप उडते.

निरोप घेताना ते उठून उभे राहिले:
"हम पूरी चेष्टा करेंगे."
मराठी कानाने मी दचकले,
हिंदी कानाने विश्वास ठेवला.

घड्याळात पन्नास मिनिटं झाली होती.
गाडीच्या काचेवर बोटभर धूळ.
किल्ला परत दिसायला लागला होता,
अर्धा.